‘रागाने का बघतो?’ : भांडण आणि कोयता यांच्यामधला वेळ

पुण्यातल्या कुठल्याही मराठी पेपरचं शहराचं पान उघडा. थोड्या थोड्या दिवसांनी ही ओळ भेटतेच: ‘रागाने बघितल्याच्या कारणावरून तरुणावर कोयत्याने वार.’ कधी ‘रागाने बघितल्या’च्या जागी ‘गाडीला कट मारल्याच्या’ येतं, कधी ‘स्टेटस ठेवल्याच्या’, कधी नुसतंच ‘पूर्ववैमनस्यातून’. खाली पोलीस ठाण्याचं नाव आणि शेवटी ठरलेलं वाक्य, ‘दोघा विधिसंघर्षग्रस्त बालकांना ताब्यात घेण्यात आले आहे,’ म्हणजे अठराच्या आतल्या पोरांना. आपण वाचतो, कुठं चाललंय हे शहर म्हणतो आणि पान उलटतो.

बघणं हे कारण नसतं, निमित्त असतं, हे सगळ्यांनाच कळतं. पण खरं कारण काय, यावरचं आपलं बोलणं फार लवकर संपतं. घरात संस्कार नाहीत, मोबाईलने वाटोळं केलं, पोलिसांचा धाक उरला नाही, कायदा मवाळ आहे. यातलं प्रत्येक वाक्य थोडं थोडं खरं असेल. पण उद्या संध्याकाळी आपल्या गल्लीत काय होणार आहे आणि ते कोणी थांबवायचं, हे त्यातल्या एकाही वाक्यातून कळत नाही. जगातल्या काही शहरांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून धरला. मुलगा बिघडला का, हे नंतर बघू. भांडण हत्यारापर्यंत पोचतं कसं आणि वाटेत ते कुठं अडवता येतं, हे आधी बघू. मी एका वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी गणित शिकवते. मला हेच टोक कामाचं वाटतं, म्हणून ते इथे उलगडून सांगते.

कोयताच का?

‘कोयता गँग’ हा शब्द २०२२च्या अखेरीस राज्यभर पोचला. त्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी पुण्यातल्या या दहशतीचा विषय मांडला. खरं तर अशी एक गँग नव्हतीच. येरवडा, हडपसर, बिबवेवाडी, वारजे, सिंहगड रस्ता अशा ठिकठिकाणी पाच-सात पोरांची वेगवेगळी टोळकी होती, अजूनही आहेत. रात्री येऊन रांगेत लावलेल्या गाड्या फोडायच्या, चहाच्या टपरीवाल्याला दमदाटी करायची, हवेत कोयते फिरवायचे आणि हे सगळं मोबाईलवर घ्यायचं, ही त्यांची ठरलेली रीत.

कोयता मुळात ऊसतोडीचा, नारळ सोलायचा, लाकूड तासायचा. काहीशे रुपयांत मिळतो, परवाना लागत नाही, शर्टाच्या आत पाठीला लावला की दिसत नाही, स्कूटरच्या डिकीत मावतो. २०२३च्या सुरुवातीला पोलिसांनी विक्रेत्यांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघून नोंद ठेवायला सांगितलं. वाईट काहीच नाही त्यात, पण कोयता ज्याच्या घरात आधीच आहे त्याला दुकानात जायची गरज नसते. हत्यार बाळगण्याविरुद्ध कायदाही आहेच. शस्त्र कायद्याचं कलम ४ सह २५ आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ सह १३५ हे आकडे या पोरांना पाठ असतात.

मला जे बघायला मिळालं ते असं, की हत्याराचं पहिलं काम मारण्याचं नसतं, दाखवण्याचं असतं. आणि त्याच्याही आधीचं काम भीती दाबण्याचं असतं. ‘जवळ असलेलं बरं, ताई’ हे वाक्य मी एकाहून जास्त पोरांच्या तोंडून ऐकलं आहे. समोरच्याकडे आहे म्हणून याच्याकडे, याच्याकडे आहे म्हणून त्याच्याकडे. घाबरलेली दोन पोरं, दोघांच्या पाठीला कोयता, आणि भोवती बघणारे दहा जण, एवढं साहित्य जमलं की ‘रागाने बघितलं’ पुरतं.

थोडी मुलं, थोड्या जागा, थोडे तास

‘त्या वस्तीतली पोरं म्हणजे…’ असं म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या बॉस्टनची गोष्ट महत्त्वाची आहे. १९९०च्या सुमारास तिथे तरुणांचे खून वेगाने वाढले होते. पोलीस, रस्त्यावर काम करणारे कार्यकर्ते आणि हार्वर्डचे संशोधक एकत्र बसले आणि त्यांनी एकेक खून समोर घेऊन विचारलं, हा कोणत्या टोळीचा, कोणाशी वैर, कशावरून. हिशेब मांडल्यावर दिसलं की सुमारे ६० टोळ्या आणि त्यातली १,३०० पोरं, म्हणजे शहरातल्या त्या वयाच्या मुलांच्या जेमतेम एक टक्का. तरुणांच्या खुनांपैकी सुमारे ६० टक्के याच टोळ्यांच्या वैरातून होत होते.

उरलेल्या ९९ टक्क्यांतले कितीतरी जण त्याच गल्ल्यांत, तशाच घरांत, तशाच गरिबीत राहत होते आणि कोणावरही हात उचलत नव्हते. वस्तीला नावं ठेवणाऱ्यांनी आणि ‘सगळी पिढीच वाया गेली’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं, कारण इथूनच उपाय बदलतो. हजारो मुलांवर नजर ठेवायची गरज उरत नाही. काही मोजक्या मुलांना नावानिशी ओळखणारी माणसं लागतात.

जागा आणि वेळेचंही तसंच. कोलंबियातल्या काली शहराचे महापौर रोद्रिगो गेरेरो हे साथरोगांचे अभ्यासक होते. १९९२ला निवडून आल्यावर त्यांनी खुनांकडे कॉलऱ्याच्या साथीसारखं बघितलं: कुठे, कधी, कोणाला. बरेचसे खून शनिवार-रविवारच्या रात्री, सुट्टीत, पगाराच्या दिवशी आणि दारूच्या नशेत होत होते. मग त्या रात्रींपुरती दारूच्या वेळांवर आणि बंदूक बाळगण्यावर बंधनं आणली, आणि त्या दिवसांत खून कमी झाले.

वेल्समधल्या कार्डिफमध्ये तोंडाच्या जखमा शिवणारे एक सर्जन, जोनाथन शेफर्ड, यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे येणाऱ्या जखमींपैकी अनेकांची नोंद पोलिसांत होतच नाही. त्यांनी अपघात विभागात येणाऱ्याला फक्त कुठे, केव्हा, कशाने एवढं विचारायला लावलं. नाव-पत्ता काढून ती माहिती दर महिन्याला पोलीस आणि नगरपालिकेकडे जाऊ लागली. कुठल्या रस्त्यावर किती वाजता गस्त हवी हे त्यातून कळलं. हिंसाचारात जखमी होऊन दाखल होणाऱ्यांचं प्रमाण तिथे तशाच इतर शहरांच्या तुलनेत ठळकपणे उतरलं. पुण्यातल्या ससून रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्री दहानंतर बसलेल्या कोणत्याही डॉक्टरला शहराचा असा नकाशा तोंडपाठ असणार. तो कागदावर उतरवायला मोठा खर्च नाही.

मुठीतला चेंडू

आता मुलाच्या डोक्यात काय चालतं ते. शिकागोमध्ये शाळांतल्या मुलांसाठी ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा कार्यक्रम चालतो. त्यातला पहिल्या दिवसांतला एक खेळ मी आमच्या अभ्यासिकेत करून बघितला आहे.

मुलांच्या जोड्या करायच्या. एकाच्या मुठीत चेंडू द्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचं, तीस सेकंदांत तो मिळव. लगेच झोंबाझोंबी सुरू होते, बोटं पिरगळतात, कोणी खाली पडतं, कोणी चिडतं. मग भूमिका बदलायच्या. पुन्हा तेच. शेवटी शांतपणे विचारायचं: ‘कोणी नुसतं मागून बघितलं का?’ शिकागोत मुलं म्हणतात, मागितला असता तर त्याने मला लेचापेचा समजलं असतं. आमच्याकडे एक जण म्हणाला, ‘मागितल्यावर इज्जत काय राहिली?’ मग चेंडू ज्याच्या हातात होता त्याला मी विचारलं, मागितला असता तर दिला असतास का? तो खांदे उडवून म्हणाला, ‘दिला असता की. चेंडूच तर आहे.’

वर्गात एकदम शांतता झाली. समोरचा काय करेल याचा आपण धरलेला अंदाज चूकही असू शकतो, हे त्यांना माझ्या सांगण्याने कळलं नसतं.

यामागची कल्पना साधी आहे. वस्तीत वाढणाऱ्या मुलाला एक प्रतिक्रिया अंगवळणी पडलेली असते: कोणी नडला की आपणही नडायचं. ही चूक नसते. एकदा गप्प बसलं की रोज कोणीतरी मोबाईल हिसकावतो, हे त्याने बघितलेलं असतं. रस्त्यावर जी सवय त्याला वाचवते तीच वर्गात शिक्षकांसमोर, सिग्नलवर अनोळखी माणसासमोर त्याला गोत्यात आणते. म्हणून सवय मोडायची नसते, तिच्या आधी एक क्षण थांबायला शिकवायचं असतं: हे इथे लागू आहे का? शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांची तुलना केली. कार्यक्रमात असलेल्यांना हिंसक गुन्ह्यांसाठी अटक होण्याचं प्रमाण त्या काळात ४५ ते ५० टक्क्यांनी कमी आढळलं. कार्यक्रम संपल्यावर मात्र अटकांवरचा हा फरक ओसरत गेला. ही गोष्ट लपवू नये. व्यायाम सोडला की दंड उतरतात, तसंच आहे हे.

आणखी एक. फिलाडेल्फियात संशोधकांनी १३ ते १६ वर्षांच्या मुलांना आणि मोठ्या माणसांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. एकटी असताना मुलं बऱ्यापैकी सांभाळून खेळली. ज्यांचे मित्र शेजारी होते ती त्याच वयाची मुलं मात्र कितीतरी जास्त धोके पत्करत होती. मोठ्यांना मित्र असले काय, नसले काय, फारसा फरक पडला नाही. म्हणून सोळा वर्षांच्या पोराशी बोलायचं तर कट्ट्यावर टोळक्यासमोर बोलू नये. बाजूला घ्यावं. चारचौघांत दिलेली समज त्याला अपमानच वाटते आणि मग तो ऐकत नाही, परतफेड करतो.

‘विषय’ वाढतो कसा

वस्तीत भांडणाला भांडण म्हणत नाहीत, ‘विषय’ म्हणतात किंवा ‘मॅटर’. आणि विषय एका क्षणात होत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. दहावीतला एक मुलगा माझ्यासमोर वही उघडून बसला होता आणि अर्धा तास एकच वर्गसमीकरण बघत होता. मोबाईल उलटा ठेवलेला, दर मिनिटाला थरथरत होता. विचारलं तर म्हणाला, ‘काही नाही ताई, थोडा विषय आहे.’ हळूहळू कळलं ते असं: दुपारी पलीकडच्या गल्लीतल्या पोराच्या स्कूटरला याचा धक्का लागला. तिथं शिव्या झाल्या आणि मिटलं. चार वाजता त्या पोराने याचा जुना फोटो टाकून वर हसण्याच्या खुणा लावल्या. पाच वाजेपर्यंत तो शे-दीडशे जणांनी बघितला होता. सहाला याच्या मित्रांचे फोन सुरू झाले, ‘तू गप बसणारेस का?’ आणि आता साडेसातला कोणीतरी एकोणीस-वीस वर्षांचा ‘दादा’ गाडी घेऊन येणार होता, ‘बघून घेऊ’ म्हणून.

दुपारी एक ते रात्री आठ. सात तास. त्या सात तासांत त्या मुलाला भेटलेलं प्रत्येक जण एक तर त्याच्याच वयाचं होतं किंवा त्याला पुढे ढकलणारं. मी फारसं काही केलं नाही. त्याला उठू दिलं नाही, चहा मागवला, त्याचा मोबाईल त्याच्याच हाताने बंद करून घेतला. समोरच्या किराणा दुकानातल्या मावशी त्या दुसऱ्या पोराच्या आईला ओळखत होत्या. त्यांनी आईला फोन केला. रिक्षा चालवणारा, कधीकाळी स्वतः अशा प्रकरणांत आत जाऊन आलेला एक दादा दोन्ही गल्ल्यांत उठबस असलेला होता. तो तिकडे गेला, पोस्ट काढायला लावली आणि इकडे येऊन म्हणाला, ‘काढली त्याने. सोड आता.’ त्याने काढली म्हणजे तो नमला, आणि मी तर अभ्यासिकेत अडकलो होतो, अशी दोन्हीकडे इज्जत राखणारी वाट निघाली. रात्री अकरापर्यंत विषय थंड झाला.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात अर्थातच काही आलं नाही. जे घडलंच नाही त्याची बातमी होत नाही, त्याचा सत्कार होत नाही आणि त्यासाठी कोणी निधीही देत नाही. या कामाची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे.

त्या रिक्षावाल्या दादाच्या कामाला शिकागोत रीतसर पगारी नोकरीचं रूप दिलं गेलं. गॅरी स्लटकिन या आफ्रिकेत क्षयरोग आणि कॉलऱ्याच्या साथींवर काम केलेल्या डॉक्टरने २००० साली तिथल्या वेस्ट गारफिल्ड पार्क भागात हा प्रयोग सुरू केला. पूर्वी टोळ्यांत असलेली, पोरांच्या विश्वासातली माणसं नेमायची. सूड घेतला जायच्या आत त्यांनी मध्ये पडायचं. काही शहरांत याचा चांगला परिणाम दिसला, काही ठिकाणी नाही. माणूस कोण नेमला यावर सगळं ठरतं. विश्वास नसलेला ‘समुपदेशक’ पाठवून हे काम होत नाही.

ग्लासगोने काय केलं

२००५ साली स्कॉटलंडमधलं ग्लासगो युरोपातलं खुनांचं शहर म्हणून बदनाम होतं. तिथेही हत्यार म्हणजे चाकू. तिथेही गल्ली विरुद्ध गल्ली, आणि वैर इतकं जुनं की सुरुवात कशावरून झाली हे कोणालाच ठाऊक नाही. कॅरिन मक्लस्की या पोलिसांकडच्या विश्लेषक आणि जॉन कार्नोकन हे खुनांचा तपास करणारे अधिकारी. या दोघांनी वरिष्ठांना सांगितलं की नुसत्या अटकांनी हे संपणार नाही. त्याच वर्षी पोलीस दलातच ‘हिंसा कमी करणारा विभाग’ उभा राहिला. चाकूसाठीची शिक्षा वाढली, झडत्याही वाढल्या. ती बाजू त्यांनी सोडली नाही. पण सोबत बरंच काही केलं.

ऑक्टोबर २००८मध्ये ग्लासगोच्या न्यायालयात शहराच्या पूर्व भागातल्या टोळ्यांमधल्या पोरांना बोलावण्यात आलं. खटल्यासाठी नव्हे. समोर न्यायाधीश, बाजूला पोलीस. पोलिसांनी पडद्यावर त्यांचेच फोटो, त्यांच्या टोळ्यांचा नकाशा दाखवला: आम्हाला सगळं माहीत आहे, यापुढे एकाने चाकू चालवला तर त्याच्या अख्ख्या टोळीच्या मागे लागू. मग एका सर्जनने कापलेला चेहरा शिवताना काय काय करावं लागतं ते सांगितलं. मग एक आई बोलली. तिच्या मुलावर झालेल्या हल्ल्याबद्दल ती बोलत होती तेव्हा, कार्नोकन यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, पोरांचा ताठा उतरला. आईशी त्यांचं प्रत्येकाचं नातं असतंच. आणि शेवटी एक फोन नंबर दिला गेला. हे सोडायचं असेल तर फोन करा: शिक्षण, काम, व्यसनावर उपचार, राहायची सोय, जे लागेल ते बघू.

शेकडो पोरांनी तो फोन केला. दोन वर्षांनी तपासलं तेव्हा या कार्यक्रमात आलेल्यांमध्ये हत्यार बाळगण्याचे गुन्हे ८४ टक्क्यांनी घटले होते. शहराच्या दुसऱ्या भागातल्या तशाच पोरांमध्ये ते ४० टक्क्यांनी घटले होते. २००८मध्येच डॉक्टर आणि दंतवैद्य शाळाशाळांत जाऊन बोलू लागले. २०१५पासून रुग्णालयाच्या अपघात विभागात अशी माणसं नेमली की जी जखमीच्या खाटेशी बसून विचारतात, ‘आता परत कुठे जाणार आहेस?’ शाळेतून मुलांना काढून टाकण्याचं प्रमाण स्कॉटलंडने खूप खाली आणलं, कारण शाळेबाहेर पडलेल्या पोराला पहिला आसरा टोळीच देते. २००५च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये वर्षाला सव्वाशेच्या वर खून होत. अलीकडे ते साठच्या खाली असतात. याचं सगळं श्रेय एका विभागाला देणं बरोबर नाही, तरुणांचं दारू पिणंही या काळात कमी झालं. पण वीस वर्षं सरकारं बदलूनही त्यांनी हे काम थांबवलं नाही, याला मी मोठं श्रेय देईन. बॉस्टनमध्ये असाच कार्यक्रम १९९६ला सुरू झाला, तरुणांचे खून महिन्याच्या सरासरीत ६३ टक्क्यांनी उतरले, २०००च्या सुमारास तो बंद पडला आणि खून पुन्हा वाढले.

फेब्रुवारी २०२४मध्ये पुण्यातही पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी शहरातल्या टोळ्यांच्या दोनशेहून अधिक जणांना आयुक्तालयात बोलावून ओळीत उभं केलं आणि सक्त ताकीद दिली. ग्लासगोच्या त्या दिवसाशी याचं बरंच साम्य आहे. आपल्याकडे आई नव्हती, सर्जन नव्हता, आणि फोन नंबर नव्हता.

धिंडीबद्दल

गाड्या फोडणाऱ्यांना पोलीस त्याच रस्त्यावरून पायी फिरवतात, लोक टाळ्या वाजवतात. ज्याची हप्त्यावर घेतलेली रिक्षा फोडली त्याला त्या क्षणी बरं वाटतं, आणि त्याच्या त्या भावनेला मी चूक म्हणणार नाही. पण परिणाम बघू. अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे, हा एक भाग. दुसरा भाग असा, की त्या धिंडीचे व्हिडिओ संध्याकाळी गाणं लावून पोरांच्याच मोबाईलवर फिरतात. जी प्रसिद्धी त्याला गाड्या फोडून मिळाली नसती ती फुकट मिळते. फेब्रुवारी २०२१मध्ये तळोजा तुरुंगातून सुटलेल्या एका टोळीप्रमुखाची पुण्याकडे शेकडो गाड्यांची मिरवणूक निघाली होती. ती बघणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला तुरुंग हा धाक वाटेल की पदवी?

भीती दाखवून मुलं सुधारतात का, हे अमेरिकेत तपासून झालं आहे. १९७०च्या दशकात न्यू जर्सीतल्या रॉवे तुरुंगात मुलांना नेऊन जन्मठेपेचे कैदी त्यांच्या अंगावर ओरडत. त्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं, देशभर नकला झाल्या. नंतर नेलेल्या आणि न नेलेल्या मुलांची तुलना केली तर नेलेल्या मुलांनी पुढे जास्त गुन्हे केलेले आढळले. काहीच न करणं त्यापेक्षा बरं ठरलं असतं.

कायद्यात काय आहे

अठराच्या आतल्या मुलाला बाल न्याय मंडळासमोर नेतात. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली एक महिला असावीच लागते. १६ ते १८ मधल्या मुलाने किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा केला असेल तर त्याला प्रौढ म्हणून चालवायचं का, याची प्राथमिक तपासणी होते. कोयत्याने वार केले पण समोरचा वाचला, तर तो खुनाचा प्रयत्न. त्याला किमान शिक्षा ठरलेली नाही, म्हणून तो गुन्हा त्या गटात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये हे स्पष्ट केलं. ‘सज्ञान समजून फाशी द्या’ म्हणणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं.

जामीन बहुधा मिळतो आणि मुलगा थोड्या दिवसांत घरी येतो. माझ्या मते सगळ्यात नाजूक आठवडा हा असतो. एकीकडे दोस्त स्वागताला, दुसरीकडे विरोधी टोळकं टपलेलं, आणि शाळा त्याला परत घ्यायला नाखूश. परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो: घर कसं, शाळा कुठे सुटली, संगत कोणाची. हा अहवाल मनापासून लिहिला तर त्यात पुढच्या भांडणाचा पत्ताच सापडतो.

आणि लोकांना सगळ्यात कमी माहीत असलेला भाग. पोराच्या हातात कोयता देणारा ‘दादा’ बहुधा अठराच्या वरचा असतो, आणि ‘तू लहान आहेस, तुला काही होत नाही’ हे त्यानेच सांगितलेलं असतं. बाल न्याय कायद्याचं कलम ८३ अशा प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड सांगतं. जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ मध्ये मुलाकडून गुन्हा करवून घेणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षं आहेत, शिवाय मुलाने केलेल्या गुन्ह्याची शिक्षाही त्यालाच. एफआयआर नोंदवताना ही कलमं लावा, असं नातेवाईक सांगू शकतात, वकील सांगू शकतात. मुलाला कोणी असं वापरत असेल तर १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

काम, दिवे, मैदान

शिकागोत २०१२च्या उन्हाळ्यात हिंसाग्रस्त भागातल्या १३ शाळांच्या १,६३४ मुलांमधून चिठ्ठ्या टाकून काहींना आठ आठवड्यांचं काम दिलं. आठवड्याला २५ तास, किमान वेतन, सोबत सांभाळणारं एक मोठं माणूस. पुढच्या १६ महिन्यांत या मुलांना हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी होत्या, आणि बहुतेक फरक सुट्टी संपल्यानंतरचा होता. म्हणजे कामात गुंतल्यामुळे वेळ मिळाला नाही, एवढंच त्याचं कारण नव्हे. वेळेवर जाणं, साहेबाचं बोलणं ऐकून घेणं, हातात स्वतःचे पैसे येणं, हे सगळं मागे उरलं होतं.

लायबेरियाच्या मन्रोव्हिया शहरात ९९९ गुन्हेगारीतल्या तरुणांवर झालेला प्रयोगही हेच सांगतो. आठ आठवडे बोलण्याचे वर्ग आणि वर २०० डॉलर, दोन्ही मिळालेल्यांमध्ये दहा वर्षांनीही फरक टिकला होता. नुसते पैसे किंवा नुसतं बोलणं मिळालेल्यांमध्ये तो टिकला नाही. आपल्याकडे आयटीआयची जाहिरात एकीकडे आणि समुपदेशन दुसरीकडे असतं, एकाच मुलाच्या वाट्याला दोन्ही क्वचित येतं.

आणि जागा. फिलाडेल्फियात ५४१ पडीक भूखंड निवडून त्यातल्या काहींवरचा कचरा काढला, गवत-झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. गरीब वस्त्यांत त्या भूखंडांच्या आसपास बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली. पोरं तीच, गरिबी तीच. फक्त हत्यार लपवायला आणि टोळकं जमायला कोपरा उरला नाही, आणि आजूबाजूचे लोक बाहेर बसू लागले.

आमच्या वस्तीलगत शाळेचं मैदान आहे. संध्याकाळी सहाला त्याला कुलूप लागतं आणि सहा ते दहा हीच आमच्याकडची वाईट वेळ. त्या चार तासांत पोरं नाल्याकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसतात, कारण बसायला दुसरी जागा नाही. गणपती मंडळाच्या मुलांशी बोलणं झालं आहे. गणपतीचे दहा दिवस जे रात्रभर जागून मांडव सांभाळतात, ते रोज दोन तास मैदान सांभाळायला तयार आहेत. रिक्षावाला दादाही येईन म्हणाला. मैदान नऊपर्यंत उघडं ठेवावं आणि नाल्याकडे दोन दिवे लावावेत, असा अर्ज आम्ही गेल्या महिन्यात दिला. त्यावर ३१ जणींच्या सह्या आहेत. त्यातल्या दोघींची मुलं सध्या निरीक्षणगृहात आहेत आणि एकीच्या मुलाच्या हाताला अठरा टाके आहेत. तिन्ही सह्या एकाखाली एक आहेत.